शेवग्याची एकच भुकटी आणि प्रथिनांचे तीन आकडे

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. प्रकल्पासाठी शेवग्याचा पाला सावलीत वाळवून भुकटी केली आणि तिच्यातली प्रथिनं मोजली. १०० ग्रॅम भुकटीमागे ब्रॅडफर्ड पद्धतीने ६.१ ग्रॅम आली, लोरी पद्धतीने १८ ग्रॅम, आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतून केल्डाल पद्धतीने करून आणलं तर २६.८ ग्रॅम. गाइड म्हणाले, "कुठेतरी चुकलंय, पुन्हा कर." पुन्हा केलं, तेच आलं. केमिस्ट्रीचे सर म्हणतात केल्डालच खरं, बाकी सगळा रंगांचा खेळ. बायोकेमिस्ट्रीच्या मॅडम म्हणतात केल्डाल आता जुनाट झालं. प्रश्न असा, की या तिघांत बरोबर पद्धत कोणती आणि प्रबंधात कोणता आकडा लिहायचा?

तुमचे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. पुन्हा करून तेच येतंय याचा अर्थ पिपेट धरणारा हात नीट आहे. पण तिन्हींपैकी एकाही पद्धतीने प्रथिनं मोजलेली नाहीत. केल्डालने नायट्रोजन मोजला. लोरीने एका पिवळ्या द्रावणाला निळं करण्याची ताकद मोजली. ब्रॅडफर्डने एक रंग किती ठिकाणी चिकटला ते मोजलं. त्यावरून प्रथिनं किती असतील हा आपण काढलेला अंदाज आहे, आणि प्रत्येक अंदाजामागे एक गृहीत आहे. वाळलेल्या पानात तिन्ही गृहीतं वेगवेगळ्या बाजूंनी मोडतात. त्यामुळे "कोणती पद्धत बरोबर" यापेक्षा "माझ्या भुकटीत कोणतं गृहीत किती मोडलं" हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर प्रयोग करून मिळतं, वाद घालून नाही.

माझं सांगायचं तर बी.एस्सी. केमिस्ट्री, एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री आणि त्यानंतर बावीस वर्षं खाद्यपदार्थ तपासणीची प्रयोगशाळा. म्हणजे तुमचे सर आणि मॅडम दोघांच्याही घरचं जेवलेलो आहे. दोघांचं म्हणणं त्यांच्या त्यांच्या टेबलापुरतं खरं असतं.

केल्डालपासून सुरू करू. (आपल्याकडे जेल्डाल, केजेल्डाल असे सगळे उच्चार चालतात, कोणी हसलं तर हसू द्या.) योहान केल्डाल कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचा. बार्लीच्या दाण्यातली प्रथिनं किती यावर बिअरचं बरंच काही ठरतं, म्हणून त्याने १८८३ साली ही पद्धत बसवली. नमुना सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, सगळं सेंद्रिय जळून जातं आणि नायट्रोजन अमोनियम सल्फेटच्या रूपात उरतो. मग कॉस्टिक सोडा घालून अमोनिया उडवायचा, बोरिक आम्लात धरायचा आणि टायट्रेट करायचा, म्हणजे ब्युरेटमधून माहीत तीव्रतेचं आम्ल थेंब थेंब घालून मोजायचा. ०.१ नॉर्मल आम्लाच्या एका मिलिलिटरला १.४ मिलिग्रॅम नायट्रोजन. २२ टक्के प्रथिनांची तूरडाळ अर्धा ग्रॅम घेतली तर ब्युरेटवर साडेबारा मिलिलिटरच्या आसपास रीडिंग येतं. यात तुलनेसाठी माहीत वजनाचं प्रथिन (स्टँडर्ड) लागत नाही, त्याच्या रीडिंगचा वक्र काढावा लागत नाही, नमुना हिरवा असो की काळा, फरक पडत नाही. केमिस्ट्रीच्या सरांचं प्रेम आहे ते यावर, आणि ते रास्त आहे. नायट्रोजनचा आकडा म्हणून केल्डालवर मी आजही डोळे मिटून विश्वास ठेवतो.

गडबड पुढच्या पायरीवर आहे. नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचं, कारण प्रथिनात सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, आणि १०० भागिले १६ म्हणजे ६.२५. या गुणाकारात दोन गृहीतं लपलेली आहेत: नमुन्यातला सगळा नायट्रोजन प्रथिनाचाच आहे, आणि त्या प्रथिनात तो नेमका १६ टक्केच आहे. दुधाला ६.३८ वापरतात, गव्हाला ५.७०, जिलेटिनला ५.५५. अळंबीच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं आणि त्यातही नायट्रोजन असतो, म्हणून तिथे ४.३८ वापरतात.

पहिलं गृहीत किती महाग पडू शकतं हे २००८ साली चीनमध्ये दिसलं. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं जात होतं. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो, त्यामुळे केल्डालच्या हिशेबात एक ग्रॅम मेलामाइन म्हणजे चार ग्रॅमहून जास्त "प्रथिन". सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, मूत्रपिंडात खडे झाले, अधिकृत आकड्यांनुसार सहा दगावली. टायट्रेशन करणाऱ्याच्या हातून त्यात कसलीच चूक झाली नव्हती. आपल्याकडे युरियाचंही तेच. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणून डेअरीत प्रथिनाच्या आकड्यासोबत युरियाची वेगळी चाचणी लागते. त्यातही दुधात मुळातच थोडा युरिया असतो, त्यामुळे हलका पिवळा रंग आला की लगेच भेसळ म्हणून ओरडायचं नसतं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सहकाऱ्याने अमोनियम सल्फेट घालून साका पाडलेलं प्रथिन दिलं आणि म्हणाला, याचं केल्डाल करून दे. मी केलं. आलं १०८ टक्के. पुन्हा केलं, १०७. डायलिसिस (पातळ पडद्यातून क्षार काढून टाकणं) झालेलंच नव्हतं; मी अमोनियम सल्फेटचा अमोनिया मोजत बसलो होतो. वरिष्ठांनी वही बघितली आणि एवढंच म्हणाले, "बरंय, शंभराच्या वर गेलं. नव्वद आलं असतं तर सही करून पाठवलं असतं." हे वाक्य मला अजून आठवतं, कारण तुमच्या २६.८ ची अडचण हीच आहे. तो आकडा अशक्य वाटत नाही, म्हणून कोणी त्याला प्रश्न विचारत नाही.

पानात प्रथिनाशिवाय नायट्रोजन कुठे कुठे असतो बघा: सुटी अमिनो आम्लं, हरितद्रव्य, डीएनए-आरएनए, शेवग्यातले ग्लुकोसिनोलेट (मुळांना झणका येतो तो यांच्यामुळे), आणि खत जास्त घातलेल्या झाडात नायट्रेट. नायट्रेट साध्या केल्डालमध्ये धड मोजलं जात नाही. नमुना जाळून नायट्रोजन वायू मोजणाऱ्या ड्यूमाच्या पद्धतीत मोजलं जातं. म्हणजे "एकूण नायट्रोजन" म्हणतानासुद्धा दोन यंत्रं दोन गोष्टी सांगू शकतात. या सगळ्यामुळे पानांसाठी ६.२५ ऐवजी ४.४ च्या आसपासचा गुणक सुचवला गेला आहे. तुमचे २६.८ भागिले ६.२५, नायट्रोजन ४.२९ टक्के. गुणिले ४.४ केलं की १८.९.

हा १८.९ तुमच्या लोरीच्या १८ शी छान जुळतो ना? थांबा, इतक्यात खूश होऊ नका. त्याकडे मी परत येणार आहे.

आता लोरी. इथे केमिस्ट्री आणि बायोलॉजी यांच्यातली एक गंमत आहे, जी दोन्ही विभागांत वावरल्याशिवाय लक्षात येत नाही. लोरीमध्ये निळा रंग देणारं जे फोलिन-सिओकाल्टू द्रावण आहे, ते १९२७ साली टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजायला बनवलं गेलं. ऑलिव्हर लोरी आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली त्याला अल्कलीतल्या तांब्याची जोड दिली: तांबं प्रथिनाच्या पेप्टाइड बंधांना धरतं, आणि तो जोड व ही दोन अमिनो आम्लं मिळून द्रावणाला निळं करतात. तो लेख विज्ञानातल्या सगळ्यात जास्त उद्धृत झालेल्या लेखांत पहिला गणला गेला आहे. पण तुमच्याच कॉलेजात केमिस्ट्री किंवा फूड टेक्नॉलॉजीच्या टेबलावर जाऊन बघा. तीच बाटली तिथे "एकूण फिनॉल" (वनस्पतींतली तुरट-कडवट संयुगं) मोजायला ठेवलेली असेल. वाइनमधल्या फिनॉलसाठीची १९६५ ची पद्धत याच द्रावणावर उभी आहे. एका खोलीत निळा रंग म्हणजे प्रथिन, शेजारच्या खोलीत तोच निळा रंग म्हणजे फिनॉल! द्रावणाला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला कोणीतरी इलेक्ट्रॉन दिले एवढंच त्याला कळतं. टायरोसिन हे स्वतःच एक फिनॉल आहे म्हटल्यावर तो फरक तरी कसा करणार?

आणि शेवग्याचा पाला म्हणजे फिनॉलचं भांडार. क्वेर्सेटिन, क्लोरोजेनिक आम्ल, शिवाय वाळवताना जेवढं उरलं असेल तेवढं क जीवनसत्त्व. हे सगळे द्रावणाला निळं करतात. म्हणजे तुमच्या लोरीच्या १८ मध्ये प्रथिन आहे आणि फिनॉलही आहे. किती आहे हे तुमच्या अर्कावर अवलंबून. पाण्याने अर्क काढला, ट्रिस बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) की कॉस्टिकने, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्याने बराच फरक पडतो. ट्रिस, ईडीटीए, मर्कॅप्टोइथेनॉल यांतलं काही बफरमध्ये असेल तर लोरीत तेही लुडबुड करतं. असं काही घातलं असेल तर नमुन्याशिवायच्या नुसत्या बफरचं रीडिंग घेऊन बघा. काही वेळा तिथेच अर्धा उलगडा होतो.

ब्रॅडफर्डची गोष्ट वेगळी. मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी १९७६ साली जॉर्जिया विद्यापीठातून दिलेली ही पद्धत. कुमासी ब्रिलियंट ब्लू हा मुळात लोकर रंगवण्याचा रंग. लोकर म्हणजे प्रथिनच, त्यामुळे तो प्रथिनाला चिकटतो यात नवल नाही. आम्लात तो तपकिरी-लालसर असतो, प्रथिनाला चिकटला की निळा होतो, आणि ५९५ नॅनोमीटरवर रीडिंग घेतलं की झालं. पाच मिनिटांचं काम. पण तो सगळ्या प्रथिनाला सारखा चिकटत नाही. त्याला मुख्यतः आर्जिनिन आवडतं, थोडंफार लायसिन आणि हिस्टिडिन. आणि आपण स्टँडर्ड म्हणून वापरतो ते बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) या रंगाचं अगदी लाडकं प्रथिन आहे. त्याच वजनाच्या गॅमा ग्लोब्युलिनच्या मानाने बीएसएचा रंग जवळपास दुप्पट येतो. म्हणजे मोजपट्टीच ताणलेली. तिने मोजलेलं बाकी सगळं आखूड दिसणार. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनात मोठा वाटा रुबिस्को या एकाच एन्झाइमचा असतो, आणि रुबिस्को काही बीएसए नव्हे. शिवाय फार छोटे पेप्टाइड हा रंग मोजतच नाही. त्यात टॅनिन (हेही फिनॉलच) आधीच प्रथिनाला कवटाळून बसलं असेल तर रंगाला चिकटायला जागा उरत नाही, काही प्रथिन तर साका होऊन सेंट्रिफ्यूजच्या तळाला गेलेलं असतं आणि तुम्ही ते फेकून दिलेलं असतं.

याचा सगळ्यात हास्यास्पद नमुना म्हणजे जिलेटिन. एकदा एक नवीन मुलगा कॅप्सूलची टोपी विरघळवून आला आणि म्हणाला, "सर, यात प्रथिनच नाही." त्याने २८० नॅनोमीटरवर रीडिंग घेतलं होतं. तिथे प्रकाश शोषतात ते ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन. जिलेटिनमध्ये पहिलं नाहीच, दुसरं नावापुरतं. जवळपास निव्वळ प्रथिन असलेला पदार्थ यंत्राला पाण्यासारखा दिसत होता. पुढे ब्रॅडफर्डने केलं तर तेही कमीच आलं. केल्डालने मात्र बरोबर आलं, पण गुणक ५.५५ घेतला तेव्हाच.

मग तुमच्या मॅडम म्हणतात तसं केल्डाल जुनाट, की सर म्हणतात तसा ब्रॅडफर्ड खेळ? यातलं काहीच नाही. ही भांडी वेगळ्या चुलींवरची आहेत. एन्झाइम शुद्ध करताना कॉलममधून साठ ट्यूब गोळा होतात आणि कोणत्या ट्यूबमध्ये प्रथिन आहे ते जेवणाच्या सुट्टीआधी हवं असतं. तिथे केल्डाल काढून बसलात तर संध्याकाळ होईल आणि मोजायलाच सगळा नमुना संपेल. तिथे खरा आकडा लागतच नाही, कालच्या टप्प्यापेक्षा आज किती सुधारलं एवढंच हवं असतं. ब्रॅडफर्डचा आकडा चाळीस टक्के कमी असला तरी दरवेळी तेवढाच कमी असेल तर काम भागतं. ट्रकभर सोयापेंडीचा भाव ठरवायचा असेल तर मात्र उलट. तिथे मूठभर नमुना जाळून टाकायला कोणाची हरकत नसते, आणि घेणारा-देणारा दोघांनीही ६.२५ मान्य केलेलं असतं. तो आकडा "खरं प्रथिन" नाही हे दोघांनाही माहीत असतं, म्हणून तर त्याला क्रूड प्रोटीन म्हणतात. बायोलॉजीवाल्याला बहुतेक वेळा तुलना हवी असते, केमिस्ट्रीवाल्याला बेरीज हवी असते. तुम्ही बेरजेचा प्रश्न घेऊन तुलनेच्या पद्धतीकडे गेलात, घोळ तिथे झाला. तुमचा दोष नाही; प्रॅक्टिकलच्या वहीत "प्रथिनांचे मापन" या एकाच शीर्षकाखाली सगळं ओळीने दिलेलं असतं.

हा घोळ प्रथिनापुरता नाही, जाता जाता सांगतो. ताकातले जिवाणू मोजायचे तर कोणी गढूळपणा मोजतं, कोणी प्लेटवर वसाहती मोजतं, कोणी डीएनए. गढूळपणात मेलेलेही येतात आणि दुधाचे कणही. प्लेटवर फक्त त्या आगरवर वाढायला तयार असलेले जिवंत येतात. डीएनए मेल्यावरही काही काळ टिकतो. तीन आकड्यांत दहापट फरक पडला तरी कोणी दचकत नाही, कारण तिथे सगळ्यांना माहीत असतं की तिघांनी तीन गोष्टी मोजल्या.

परत तुमच्याकडे. आत्तापर्यंतचं एवढं धरून ठेवा: केल्डालचा आकडा प्रथिनाबाहेरच्या नायट्रोजनमुळे वर गेलाय, लोरीचा फिनॉलमुळे वर गेलाय, ब्रॅडफर्डचा बीएसएच्या मोजपट्टीमुळे खाली आलाय. पण यातलं सगळ्यात मोठं कारण मी अजून सांगितलेलंच नाही, आणि ते रसायनातलं नाही. केल्डालला तुम्ही भुकटी दिलीत. लोरी आणि ब्रॅडफर्डला दिला अर्क. भुकटीतलं जेवढं प्रथिन अर्कात उतरलंच नाही ते या दोघांना दिसणार कसं? पानातलं बरंच प्रथिन पडद्यांमध्ये अडकलेलं असतं, वाळवताना काही फिनॉलशी कायमचं जोडलं जातं, आणि ते साध्या बफरला दाद देत नाही. एकाने अख्खं पोतं मोजलं, दोघांनी पोत्यातून सांडलेलं. त्यांची तुलना पद्धतींची तुलना होतच नाही.

म्हणूनच मघाच्या १८ आणि १८.९ च्या जुळणीवर भरवसा नको. तुमच्या लोरीत फिनॉल आहे म्हणून तो वाढलाय, आणि अर्कात न उतरलेलं प्रथिन नाही म्हणून तो घटलाय. दोन विरुद्ध दिशांच्या चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि आकडा दिसायला गोंडस आला, एवढंच झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. मी प्रयोगशाळेत तिनातले दोन आकडे जुळले म्हणून तिसरा फेकून देताना भल्याभल्यांना पाहिलंय. दोन पद्धती एकाच कारणाने जुळल्या आहेत की वेगवेगळ्या कारणांनी, हे बघितल्याशिवाय जुळणीला किंमत नाही.

आता करायचं काय. महागडं यंत्र लागत नाही, आठवडाभराचं काम आहे.

पहिलं म्हणजे बाहेरच्या प्रयोगशाळेला फोन करा आणि विचारा: २६.८ हा कोरड्या वजनावर आहे की आहे त्या भुकटीवर, आणि गुणक कोणता वापरला? भुकटीत ७ टक्के ओलावा असेल तर आहे त्या वजनावरचे २६.८ कोरड्या वजनावर २८.८ होतात. तुमचे दोन आकडे एका पायावर आणि तिसरा दुसऱ्या पायावर असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. त्यांच्याकडून नायट्रोजनची टक्केवारीच मागून घ्या, गुणाकार तुम्ही करा.

दुसरं, लोरी तांब्याशिवाय करा. याने मी कित्येकांचे प्रकल्प मार्गी लागलेले पाहिलेत. त्याच अर्काच्या दोन ट्यूब घ्या, एकीत नेहमीचं अल्कलाइन कॉपर, दुसरीत कॉपर सल्फेट वगळून बाकी सगळं तेच. तांबं नसेल तर प्रथिनाचा रंग साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो, फिनॉलचा रंग मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणून दोन्ही रीडिंगमधला फरक घेऊन त्याला १.२५ ने गुणलं की प्रथिनाचा वाटा मिळतो. समजा तांब्यासह ०.६२ आलं आणि तांब्याविना ०.३४. फरक ०.२८, गुणिले १.२५ म्हणजे ०.३५. म्हणजे तुमच्या निळ्या रंगातला जेमतेम ५६ टक्के प्रथिनाचा, बाकी फिनॉलचा, आणि १८ चे झाले १०. हे उदाहरणापुरते आकडे आहेत, तुमचे तुम्हीच काढा. हा हिशेबही सरासरीवरच चालतो, पण फिनॉलची लुडबुड आहे की नाही हे ठणकावून सांगतो.

तिसरं, माहीत असलेलं प्रथिन घालून परत मिळतं का ते बघा. अर्काच्या दोन ट्यूबपैकी एकीत मिलिलिटरमागे २०० मायक्रोग्रॅम बीएसए घाला आणि दोन्हींचं ब्रॅडफर्ड करा. फरक २०० च्या जवळ आला तर अर्कातलं काही रंगाच्या आड येत नाहीये, आणि ६.१ कमी येण्याचं कारण मोजपट्टी आणि अर्क काढण्यात आहे. फरक १३० आला तर अर्कातलं काहीतरी तुमच्या डोळ्यांदेखत बीएसएसुद्धा गिळतंय. त्याच बैठकीत अर्क दुप्पट पातळ करूनही बघा. रीडिंग निम्मं झालं पाहिजे. निम्म्याहून जास्त राहिलं तर अडथळा पातळ होऊन सुटतोय (किंवा तुम्ही वक्राच्या वाकलेल्या टोकाला मोजताय, ब्रॅडफर्डची रेघ सरळ नसते).

चौथं काम थोडं कष्टाचं, पण प्रबंधात वजन त्यालाच येईल. नायट्रोजनचा जमाखर्च मांडा. केल्डाल फक्त भुकटीचं न करता अर्काचं आणि अर्क काढून उरलेल्या चोथ्याचंही करा. मग अर्कात थंड ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल १० टक्के होईल इतकं घाला, साका बसू द्या, आणि साका व वरचं पाणी वेगळं करून दोन्हींचा नायट्रोजन मोजा. साक्यात प्रथिन, वरच्या पाण्यात सुटी अमिनो आम्लं आणि इतर बारीकसारीक. (हातमोजे घाला, हे आम्ल कातडी सोलवटतं.) समजा ४.२९ पैकी अर्कात २.४ आला, त्यातला १.६ साक्यात, तर अर्कातलं प्रथिन १.६ गुणिले ६.२५ म्हणजे १०. आता हे दुरुस्त केलेल्या लोरीशी ताडून बघा. ही तुलना खरी, कारण दोन्हींनी आता एकच गोष्ट, अर्कातलं प्रथिन, दोन अगदी वेगळ्या वाटांनी मोजली. इथे जुळलं तर मी मानेन.

साका थंड अॅसिटोनने दोन-तीनदा धुवून घेतलात तर हरितद्रव्य आणि बरेच फिनॉल निघून जातात. तो साका पातळ कॉस्टिकमध्ये विरघळवून त्यावर लोरी केलं तर आणखी स्वच्छ आकडा मिळेल. ब्रॅडफर्ड मात्र त्या कॉस्टिकवर थेट करू नका, अल्कलीमुळे रंग आपोआप निळा होतो आणि तुम्हाला वाटेल प्रथिन सापडलं.

सोन्याचा भाव माहीत असावा म्हणून सांगतो: वाद कायमचा मिटवायचा तर अमिनो आम्लांचं विश्लेषण. ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर २४ तास प्रथिन मोडायचं, प्रत्येक अमिनो आम्ल वेगळं मोजायचं आणि बेरीज करायची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या (एफएओ) तज्ज्ञांनीही अन्नातल्या प्रथिनाची व्याख्या अशा बेरजेवरच करावी असं सुचवलं आहे. पण तिथेही ट्रिप्टोफॅन आम्लात नष्ट होतं आणि त्याच्यासाठी वेगळी अल्कलीची पायरी करावी लागते. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हा खर्च मी सुचवणार नाही. गाइडच्या ओळखीने कुठे एखादा नमुना फुकटात होत असेल तर सोडू नका.

राहिला प्रश्न कोणता आकडा लिहायचा. ते तुमच्या प्रबंधाचं शीर्षक काय आहे यावर ठरेल. "शेवग्याच्या भुकटीचं पोषणमूल्य" असं असेल तर क्रूड प्रोटीन २६.८, कंसात नायट्रोजन गुणिले ६.२५, आणि शेजारी ४.४ ने काढलेला १८.९. लेबलासाठी आणि इतरांच्या कामाशी ताडायला पहिला लागतो, खाणाऱ्याच्या पोटात किती जातं याच्या जवळ दुसरा जातो. विषय एन्झाइम किंवा रुबिस्को वेगळं काढण्याचा असेल तर ब्रॅडफर्ड ठेवा, "बीएसएच्या तुलनेत" एवढे शब्द जोडा, आणि १०० ग्रॅम भुकटीवर तो आकडा लिहूच नका, अर्काच्या मिलिलिटरवर लिहा. दुरुस्त न केलेला लोरीचा १८ मात्र मी कुठेच लिहिणार नाही. तिन्हींत तोच सगळ्यात शहाणा दिसतो आणि तोच सगळ्यात कमी सांगतो.

गाइडना "पुन्हा केलं, तेच आलं" असं सांगायला जाऊ नका. तांब्याविनाचं रीडिंग आणि चोथ्याचा नायट्रोजन घेऊन जा. आणि हिरव्या अर्काचा ब्लँक (यंत्राचा शून्य ठरवणारी ट्यूब) साध्या पाण्याचा लावला होतात का? लावला असेल तर आधी अर्क अधिक बफर, रंगाच्या द्रावणाशिवाय, असा ब्लँक लावून दोन्ही रीडिंग पुन्हा घ्या. चोथ्याचं केल्डाल झालं की आकडे इथेच टाका, बघू.